नैराश्य म्हणजे चळवळीशी फितुरी नव्हे



आठ वर्षांपूर्वी आमच्या एका मित्राची शोकसभा झाली. तो चंद्रपूरला वसतिगृहात माझ्या खोलीत राहायचा. गाव जंगलपट्ट्यातलं. आईवडील भूमिहीन, धानाची कापणी संपली की मिरची तोडायला तेलंगणात जाणारे. मुलगा हुशार होता, स्पर्धा परीक्षेची तयारी करायचा आणि जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे असायचा. त्याने आत्महत्या केली. शोकसभेत एकामागून एक वक्ते उठले. कुणी म्हणालं, हा व्यवस्थेने केलेला खून आहे. कुणी म्हणालं, एवढा लढवय्या पोरगा, त्याने असं पळून जायला नको होतं. मी बोललो नाही. कारण मला जे ठाऊक होतं ते त्या सभेत सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

दोन महिने आधी तो मला म्हणाला होता, "भाऊ, कशातच जीव लागत नाही. रातभर झोप नाही येत. कायी कराची इच्छाच नाही होत." आणि मी त्याला काय उत्तर दिलं? "बाबासाहेबांनी एवढं सोसलं, अन् तू एका परीक्षेनं खचतोस? वाघ आहेस तू भीमाचा!" तो हसला. त्यानंतर त्याने तो विषय माझ्याजवळ कधीच काढला नाही.

मी त्याला धीर दिला असं मला तेव्हा वाटलं होतं. प्रत्यक्षात मी त्याचं तोंड बंद केलं होतं. हा लेख त्या अपराधाच्या जाणिवेतून लिहितो आहे. पण माझं दुःख मांडणं एवढाच त्याचा हेतू नाही. आंबेडकरी चळवळीत नैराश्य आणि आत्महत्या या विषयावर आपण जी भाषा बोलतो ती अर्धी बरोबर आहे आणि अर्धी जीवघेणी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

संस्थात्मक खून : शब्द बरोबर, पण पुरेसा नाही

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याची फेलोशिप अडकवली होती, त्याला वसतिगृहातून बाहेर काढलं होतं. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला. दोन्ही वेळा 'मुलं मनाने कमजोर होती' असं सांगून संस्थांना हात झटकता आले असते. ते आपण होऊ दिलं नाही. 'संस्थात्मक खून' हा शब्द आपण ठणकावून वापरला आणि तो वापरणं गरजेचं होतं. त्या शब्दामुळे देशाला जातीचं नाव घ्यावं लागलं.

पण याच शब्दातून आपण एक चुकीचा निष्कर्षही काढला. दुःखाचं कारण सामाजिक आहे, म्हणून त्यावर वैद्यकीय उपचार मागणं म्हणजे व्यवस्थेला सोडून देणं, असं आपण मानू लागलो. डॉक्टरकडे जाणारा कार्यकर्ता आपल्याला संशयास्पद वाटू लागला.

समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही दुर्खीम शिकलो. आत्महत्या ही निव्वळ खाजगी घटना नसून समाजाशी बांधलेली गोष्ट आहे, असं त्याने १८९७ सालीच मांडलं. ते मला आजही पटतं. पण दुर्खीम एखाद्या समाजातलं आत्महत्यांचं प्रमाण समजावून सांगतो. आमच्या खोलीत तिघं होतो. तिघंही त्याच जातीचे, तिघांच्याही घरी सारखीच गरिबी, तिघांनीही तीच परीक्षा दिली. त्यातला एकच का गेला, याचं उत्तर दुर्खीमकडे नाही. ते थोडंफार मानसोपचाराकडे आहे. क्षयरोग दाटीवाटीच्या वस्तीत, कुपोषित शरीरात वाढतो, म्हणजे त्याचंही कारण सामाजिकच आहे. म्हणून क्षयरोग्याला आपण औषध नाकारतो का? 'आधी वस्ती सुधारू, मग गोळ्या घे' असं सांगतो का?

अमरावतीच्या तीस गावांत काय घडलं

मानसोपचार म्हणजे शहरातला महागडा डॉक्टर, असं आपल्या डोक्यात बसलं आहे. म्हणून आपल्याच विदर्भात झालेलं एक काम प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावं असं मला वाटतं.

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला. नावाचा अर्थ विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्राम. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेला हा भाग. तिथे त्यांनी मोठं रुग्णालय बांधलं नाही. कामाची तीन पायऱ्यांत वाटणी केली. पहिल्या पायरीवर गावातला आरोग्य कार्यकर्ता. तो घरोघरी जाऊन नैराश्य म्हणजे काय ते सांगणार, खचलेल्या माणसाचं ऐकून घेणार, त्याला पुढे पाठवणार. दुसऱ्या पायरीवर प्रशिक्षण दिलेला समुपदेशक. आणि ज्याला औषधाची गरज आहे किंवा ज्याचा आजार गंभीर आहे, त्याच्यासाठी तिसऱ्या पायरीवर मानसोपचारतज्ज्ञ.

निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात आले. कार्यक्रमाआधी नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार जणांनी उपचार घेतले होते (४.३ टक्के). दीड वर्षाच्या कामानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. गावांतलं नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं. आणि गेल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आले असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्याहून खाली आलं.

आपण आंधळी भक्ती करणारे लोक नाही, म्हणून या अभ्यासाची मर्यादाही सांगतो. तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावं त्यात घेतलेली नव्हती. आधीची आणि नंतरची परिस्थिती मोजली होती. त्यामुळे पीकपाण्यासारखं दुसरं एखादं कारणही या बदलामागे असू शकतं. शिवाय विचार कमी झाले म्हणजे मृत्यू तितकेच कमी झाले असंही नाही. पण उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण सहापट होतं, ते कुणीतरी दारात गेल्याशिवाय होत नाही.

समुपदेशनाबाबत याहून पक्का पुरावा गोव्यातून आला. डॉ. पटेल यांच्या 'संगत' संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ लोकांवर अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीचा, थोडा सुधारलेला उपचार मिळाला. दुसऱ्या गटाला त्यासोबत सहा ते आठ भेटींचं समुपदेशन मिळालं. ते देणारे ना डॉक्टर होते ना मानसशास्त्राचे पदवीधर. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के.

या समुपदेशनात करतात काय? खचलेला माणूस लोकांत जाणं सोडतो, आवडीची कामं सोडतो, अंथरुणात पडून राहतो. त्यामुळे त्याच्या दिवसात चांगलं काही घडतच नाही आणि तो आणखी खचतो. हे चक्र तोडायचं. आज अंघोळ करून विहारापर्यंत चालत जा. उद्या बहिणीला फोन कर. परवा त्या अडकलेल्या दाखल्यासाठी तहसीलला जाऊ, मी सोबत येतो. कृती लहान, पण ठरवून केलेली, आणि दर आठवड्याला कुणीतरी येऊन विचारणारं. 'वाघ आहेस तू' असं त्यात कुठेही म्हणायचं नसतं.

संपर्क ठेवणं हासुद्धा उपचार आहे

आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला पुन्हा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत अशा १,८६७ लोकांचा अभ्यास केला. त्यातलं एक केंद्र चेन्नईला होतं. निम्म्यांना तासभर नीट समजावून सांगितलं आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा भेटून किंवा फोन करून विचारपूस केली. बाकीच्यांना नेहमीचे उपचार. अठरा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार मिळालेल्यांत आत्महत्येने गेलेले २.२ टक्के होते, विचारपूस झालेल्यांत ०.२ टक्के.

नऊ वेळा विचारपूस! मित्रांनो, मोर्चाचा निरोप एका रात्रीत चाळीस गावांत पोचवणारी आपली चळवळ आहे. वर्गणीसाठी आपण एकेका घरी चार चकरा मारतो. मग दवाखान्यातून घरी आलेल्या पोराकडे दीड वर्षात नऊ वेळा जाणं आपल्याला जमणार नाही?

मोजलं कुणाला, वगळलं कुणाला

आता व्यवस्थेकडे वळू, कारण तिला मोकळं सोडायचा माझा अजिबात विचार नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे देशात सर्वाधिक. एकूण मृतांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त रोजंदारी मजूर होते. शेती क्षेत्रातल्या ११,२९० मृतांत शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. म्हणजे शेतमालकापेक्षा शेतमजूर जास्त मेले. तरी वर्तमानपत्रात, विधानसभेत आणि सिनेमात चर्चा कुणाची होते? सातबारा असलेल्याची. शेतकऱ्याचं दुःख खोटं नाही. पण त्याच बांधावर मजुरी करणाऱ्याचं दुःख कुणी मोजायचं? आणि या वार्षिक अहवालात जातीचा रकानाच नाही. जे मोजलं जात नाही, त्यासाठी पैसाही निघत नाही.

सरकारी मदतीचंही तसंच. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, पण त्यासाठी घरात जमीन आणि कर्ज दोन्ही कागदावर दाखवावं लागतं. भूमिहीन मजुराच्या बायकोला त्या रांगेत जागाच नाही. आमच्या जंगलपट्ट्यात तर प्रश्न आणखी गुंतलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणारी बौद्ध कुटुंबं इथे आहेत. वनहक्क कायदा २००६ साली आला, पण आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा त्यात मागितला आहे. ज्यांना गावात जागाच दिली नाही त्यांच्याकडे ७५ वर्षांचा कागद कुठून येणार? दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले ते याच प्रश्नासाठी. जमीन हासुद्धा मानसिक आरोग्याचा प्रश्न आहे.

जिल्ह्यांची गोष्टही तीच. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भाचे सहा जिल्हे होते : अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, बुलढाणा, वर्धा. चंद्रपूर आणि गडचिरोली त्यात नव्हते. इथे कापसापेक्षा धान, तेंदूपत्ता, मोहफूल आणि मजुरीवर जगणारे लोक जास्त. वाघाने माणूस मारला की बातमी होते. पण त्या माणसाच्या घरात मागे राहिलेल्या बाईची झोप उडाली आहे, ती जंगलात पाय टाकायला घाबरते आणि म्हणून तिची मजुरी बुडाली आहे, हे कुणी नोंदवत नाही.

"गोळ्या देऊन बंड थंड करतील"

हा आक्षेप मी बैठकांत अनेकदा ऐकला आहे. त्यात तथ्य नाही असं म्हणणार नाही. छळणाऱ्या प्राध्यापकाला हात न लावता विद्यार्थ्याला समुपदेशनाला पाठवणारी संस्था लबाडच आहे. तिथे चौकशी आणि शिक्षा हाच उपाय. पण नैराश्यात बुडालेला माणूस बंड करत नसतो. त्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही. बरा झालेला माणूसच मोर्चात येतो, अॅट्रॉसिटीची तक्रार नेटाने चालवतो, कोर्टात साक्ष देतो. उपचाराने लढणारा माणूस लढण्यासाठी शिल्लक राहतो.

दुसरा आक्षेप असतो की डॉक्टर बहुतेक सवर्ण, त्यांना आपलं दुःख काय कळणार? हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच वर सांगितलेल्या संशोधनाचं महत्त्व मला जास्त वाटतं. समुपदेशक गावातला, साध्या शिक्षणाचा माणूस असू शकतो हे त्यातून दिसलं. मग ती जागा भीमनगरातल्या मुलीने का घेऊ नये? माडिया बोलणाऱ्या मुलाने का घेऊ नये? गडचिरोलीत तर हे नवीनही नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू घटवून दाखवले. १९९९ साली ते संशोधन 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि आज देशभरातल्या आशाताई त्या वाटेने काम करतात. बाळाचा जीव गावातली बाई वाचवू शकते, तर खचलेल्या तरुणाचा का नाही?

आणि व्यवस्था बदलली की जीव वाचतात याचाही पुरावा आहे. श्रीलंकेने १९९० च्या दशकात अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. पुढच्या दोन दशकांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. म्हणून 'धोरण बदला' आणि 'उपचार द्या' या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात लिहायच्या आहेत.

बाबासाहेबांचे अश्रू

बाबासाहेबांचं नाव घेऊन मी मित्राला गप्प केलं. तेव्हा बाबासाहेबांचं आयुष्य मी नीट वाचलेलं नव्हतं. १९१७ साली बडोद्यात राहायला जागा न मिळाल्यामुळे ते कामाठीबागेत झाडाखाली बसून रडले. तिथे केलेला संकल्प आपण भाषणात सांगतो, अश्रू मात्र गाळून टाकतो. त्यांची चार लेकरं गेली. १९२६ साली राजरत्न गेल्यावर त्यांनी दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात आपलं खचलेपण लपवलेलं नाही. मित्राला मन उघडं करून सांगावं, हे त्यांनी स्वतः केलं. मग त्यांच्या लेकरांनी का करू नये? बुद्धानेही दुःख आहे हे आधी मान्य करायला शिकवलं. त्यानंतर कारण, आणि मग उपाय. दुःख नाकारणं हे धम्मात कुठे बसतं?

आता काय करायचं

सरकारकडे मागायचं ते हक्क म्हणून. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १८ ने प्रत्येकाला मानसिक उपचाराचा हक्क दिला आहे आणि त्यात जातीच्या आधारे भेदभाव करता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं, आणि त्याला उपचार व पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी आहे. जुन्या दंड संहितेचं कलम ३०९ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत राहिलेलं नाही. म्हणून 'पोलीस केस होईल' या भीतीने कुणाला दवाखान्यात न्यायचं टाळू नका.

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी आपल्या मागण्या अशा असाव्यात :

१. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षण दिलेला, पगारी, स्थानिक समुपदेशक. भामरागड-एटापल्लीत माडिया आणि सिरोंच्यात तेलुगू येणारा.
२. ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधं. भामरागडच्या माणसाला नागपूरच्या मनोरुग्णालयाचा रस्ता दाखवू नका.
३. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या प्रत्येकाशी दीड वर्ष संपर्क.
४. भूमिहीन मजूर आणि वनजमीन कसणारे यांच्या कुटुंबांनाही मदत, आणि आकडेवारीत जातीची नोंद.
५. हे काम आशाताईंवर फुकट लादू नये. त्याचा वेगळा मोबदला द्यावा.

आणि आपण स्वतः? दर वर्षी १५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लोक लोटतात. १९५६ साली १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी तिथे दीक्षा दिली. पुस्तकांच्या एवढ्या स्टॉलमध्ये मनाच्या आरोग्याचं एक टेबल आपण लावू शकतो. विहारात महिन्यातून एकदा या विषयावर बसू शकतो. दारूचा विषयही तिथेच काढायला हवा. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि दारू व आत्महत्या यांचं नातं जवळचं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विचारा. दोन आठवड्यांहून जास्त कुणाची झोप-भूक गेली असेल, कशात रस उरला नसेल, 'माझा कुणाला काय उपयोग' अशी भाषा येत असेल, तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. उत्तर 'हो' आलं तर भाषण देऊ नका. त्याला एकटं सोडू नका, घरात कीटकनाशक असेल तर ते आधी बाहेर काढा, आणि दवाखान्यात स्वतः सोबत जा. १४४१६ हा 'टेलिमानस'चा सरकारी मोफत क्रमांक आहे, रात्रीबेरात्रीही चालतो. आणि हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात असा विचार येत असेल, तर भाऊ, ताई, आजच कुणाला तरी सांग. चळवळीला तू जिवंत हवा आहेस, हवी आहेस.

माझ्या मित्राला मी तो प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर तो वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण त्याचं वाक्य मी मध्येच तोडलं नसतं. आता कुणी मला "कशात जीव लागत नाही" म्हणालं की मी बाबासाहेबांचं नाव घेऊन त्याला गप्प करत नाही. त्याच्या शेजारी बसतो आणि म्हणतो, "सांग. मी ऐकतो."

जय भीम! नमो बुद्धाय!